पूर ओसरल्यावरची फुलं

ऑगस्टमध्ये गडचिरोलीतल्या भामरागडची बातमी जवळजवळ ठरलेली असते: पर्लकोटेच्या पुलावरून पाणी, आलापल्लीचा रस्ता बंद, तालुक्याचा संपर्क तुटला. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या इथे भेटतात. लोकबिरादरी प्रकल्पामुळे १९७३ पासून महाराष्ट्राला ओळखीचं झालेलं हेमलकसा इथून हाकेच्या अंतरावर. पाऊस वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास. मग ऑक्टोबर उजाडतो, पाऊस माघार घेतो, आभाळ निरभ्र होतं आणि दोन महिन्यांपूर्वी जिथून पाणी वाहत होतं तो खडक अनवाणी पाय ठेवू देत नाही. साताऱ्याच्या कास पठारावरची गर्दीही या सुमारास पांगू लागते. रानफुलांचा हंगाम संपला, असं सगळे धरून चालतात.

हेमलकशाच्या आसपास पायपीट करणाऱ्याला मात्र फुलं भेटत राहतात. ती शोधण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: पाणी आटत असताना एखाद्या झाडाने फुलायचंच का?

वाळवंटात या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. तिथे फूल पावसाच्या मागे येतं. चिलीतलं अटाकामा हे जगातल्या सर्वांत कोरड्या वाळवंटांपैकी एक. २०१५ मध्ये तिथे अवचित पाऊस झाला आणि मैलोन्‌मैल जांभळा-गुलाबी गालिचा पसरला. फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्याला कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात अभ्यास केला, तेव्हा त्याला दिसलं की चार थेंबांनी तिथलं बी फसत नाही. उगवण रोखणारी रसायनं धुऊन जातील इतका पाऊस झाला, तरच ते रुजतं. तरीही सगळं बी एकदम रुजत नाही. पावसाचा भरवसा नसेल तिथे काही बी मागे ठेवणाऱ्या वनस्पतीच टिकतात, हे डॅन कोहेन यांनी १९६६ मध्ये गणिताने मांडलं. पेरणीआधी कणगीत थोडं बियाणं राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला त्यासाठी गणिताची गरज पडली नसती.

गडचिरोलीत गोष्ट उलटी आहे. इथे पाऊस हमखास येतो आणि नंतरचा कोरडा काळही तितकाच हमखास येतो. म्हणून इथल्या बऱ्याच वनस्पती पावसाऐवजी कॅलेंडर बघतात. जूनमध्ये इथला दिवस सव्वातेरा तासांहून थोडा मोठा असतो, डिसेंबरात तो जेमतेम अकरा तासांचा उरतो. एवढा फरक त्यांना पुरतो.

ही गोष्ट उमगली ती तंबाखूमुळे. अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांच्याकडे तंबाखूचं एक वाण होतं. उन्हाळाभर ते नुसतंच वाढायचं, फुलायचं नाव नाही. त्यांनी झाडं दुपारीच अंधाऱ्या खोपीत नेऊन ठेवायला सुरुवात केली आणि भर उन्हाळ्यात फुलं आली. १९२० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी आणखी खोलात जाऊन दाखवलं की झाड मोजतं ती रात्र. त्यांचा प्रयोग ज्या तणावर झाला ते आपल्याकडे उकिरड्यावर माजणारं शंकेश्वर! लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा लावला तरी त्याचं फुलणं थांबे. पानाला रात्र कळते, पण फूल येतं शेंड्याला. मधला निरोप कोण पोचवतं, याचा शोध कितीतरी दशकं चालला. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी तो निरोप्या, एक प्रथिन, भाताच्या रोपात पकडला.

भात म्हणजे इथलं धान. जुनी, उशिरा पिकणारी वाणं थोडी मागेपुढे पेरली तरी साधारण एकाच सुमारास निसवतात, ती याच रात्रीच्या मापामुळे. बांधीत धान निसवत असतं तेव्हा धुऱ्यावर कुर्डू उभा असतो. खाली पांढरे, टोकाला गुलाबी असे त्याचे तुरे. लांब रात्रीची खूण पाळणाऱ्यांतलाच तोही. त्याच्या फुलातले दलभाग मुळातच कोरडे, कागदी, त्यामुळे उन्हाने कोमेजण्यासारखं त्यात फारसं काही नसतं. शेजारी पिवळा तरोटा. पश्चिम महाराष्ट्रात त्याला टाकळा म्हणतात आणि पावसाळी भाजीपुरताच ओळखतात.

खरी मजा उघड्या खडकाळ जमिनीवर आहे. विष्णुक्रांतीची निळी फुलं शर्टाच्या बटणाएवढीही नसतात. सकाळी उमलतात, उन्हं चढली की मिटतात. उशिरा उठणाऱ्या निसर्गप्रेमींसाठी ती नाहीतच. दुपारी घोळ बघावी. हो, भाजीची घोळ. रात्री कार्बन साठवून पाणी वाचवण्याची निवडुंगी युक्ती आणि मक्या-उसाची जलद प्रकाशसंश्लेषणाची युक्ती, या दोन्ही ती एकाच पानात चालवते. २०२२ मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी तर दोन्ही एकाच पेशीत चालतात हे दाखवलं. आणि भुईगेंद: जमिनीला टेकलेला काटेरी गोळा, त्यातून डोकावणारी बारीक, ठिपकेदार फुलं. पावसाळा सरल्यावरच त्याचा बहर सुरू होतो.

रस्त्याकडेची जांभळी दाटी पाहून मात्र हुरळून जाऊ नये. ती बहुधा रानतुळस, अमेरिकेतून आलेली. फोटोत छान दिसते, पण तिच्या रानात इतर फुलं शोधायला जागाच उरत नाही.

नोव्हेंबरात धान कापलं जातं, बांधीतली ओल खाली उतरते. वरची माती भेगाळत असतानाच धसकटांमधून गोरखमुंडीचे जांभळे गोंडे येऊ लागतात. ते पाहायला रान तुडवायची गरज नाही. कापलेल्या शेतात उतरलं की झालं, आणि हिवाळ्यात बराच काळ ते तिथेच सापडतात.