टनामागे कॉलेज

नगर जिल्ह्यातल्या कॉलेजांची पूर्ण नावं एकदा सावकाश वाचावीत. संगमनेरच्या कॉलेजचं नाव ‘संगमनेर नगरपालिका कला, दा. ज. मालपाणी वाणिज्य आणि ब. ना. सारडा विज्ञान महाविद्यालय’. ते एका दमात म्हणवत नाही. गावात सगळे नुसतं ‘संगमनेर कॉलेज’ म्हणतात. पण १९६१ साली ते कसं उभं राहिलं याची पावतीच त्या नावात फाडलेली आहे. नगरपालिकेने हात दिला, तंबाखूवाल्या मालपाणींनी दिला, विडीवाल्या सारडांनी दिला. शिक्षणखात्याने फाइल हलवण्याची वाट कोणी बघत बसलं नाही.

पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावच्या बारावी झालेल्या मुलाला आज पाथर्डीचं बाबूजी आव्हाड महाविद्यालय आहे, आदिनाथनगरचं दादापाटील राजळे महाविद्यालय आहे, नाहीतर एसटी धरून नगर. १९४७ च्या आधी अख्ख्या जिल्ह्यात एकही कॉलेज नव्हतं. मॅट्रिक झालेल्या पोराने पुणं गाठायचं, तिथे खोली, खाणावळ आणि फी असा तिहेरी खर्च झेपला तर शिकायचं, नाहीतर तलाठी नाहीतर मास्तर व्हायचं. ती कोंडी डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी फोडली. हार्वर्डला शिकलेला हा माणूस नगरला परतला आणि जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने असताना, त्याने अहमदनगर कॉलेज सुरू केलं. पुणे विद्यापीठ तेव्हा जन्मायचं होतं, त्यामुळे संलग्नता मुंबईची. पुढे १९६२ मध्ये याच कॉलेजच्या छायेत ग्रामीण विकासाचं अभ्यासकेंद्र निघालं आणि शहरातलं कॉलेज खेड्यांकडे वळलं.

तालुक्याच्या गावांत कॉलेज नेलं ते मुख्यतः ‘रयत शिक्षण संस्थे’ने. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रोवलेलं हे रोप; कॉलेजांची रांग लागली ती त्यांच्या निधनानंतर. श्रीरामपूरला १९६० मध्ये, कर्जतला १९६४ मध्ये, कोपरगावला १९६५ मध्ये. श्रीरामपूरच्या कॉलेजला रावबहादूर नारायणराव बोरावके या बागायतदाराचं नाव आहे. ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांना फीची, सवलतही याच काळातली. फी माफ आणि कॉलेज हाकेच्या अंतरावर, असा योग शेतकऱ्याच्या घरी पहिल्यांदाच जुळून आला होता.

दुसरी वाट कारखान्यांची; ते याआधीच आले होते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. त्यामागोमाग जिल्ह्यात कारखाना तिथे शाळा आणि पुढे कॉलेज अशी रीतच पडली. तिचं गणित साधं. सर्वसाधारण सभेत ठराव व्हायचा आणि उसाच्या बिलातून टनामागे काही पैसे शिक्षणाकडे वळते व्हायचे. सभासद कुरकुरायचा, ठेव परतीची की बिनपरतीची, यावर सभेत आवाज चढायचे. पण त्याच कपातीतून बांधलेल्या वर्गात त्याची मुलगी बसायची, म्हणून हिशेब विचारायचा हक्कही त्याचाच असायचा. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकलला दार उघडलं, तेव्हा हा हक्क पातळ झाला असं माझं मत आहे. पैसा टनामागे येण्याऐवजी प्रवेशामागे येऊ लागला. कॉलेजं वाढली, इमारती देखण्या झाल्या, पण गावकीचं बोलणं संपून व्यवस्थापनाचं सुरू झालं.

आणि ज्या उसावर हे उभं राहिलं, तो तोडला कोणी? त्यात पाथर्डी तालुक्याचा वाटा मोठा. पावसाचा भरवसा नाही, बहुतेक गावांना कालव्याचं पाणी नाही; दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या गाड्या भरून निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. सोबत लहान पोरं, कारण त्यांना ठेवायचं कोणापाशी? शाळेच्या हजेरीपटावर दिवाळीनंतर गैरहजेरीच्या खुणा सुरू होतात त्या थेट मार्चपर्यंत. बागायती गावच्या पोराने कारखान्याच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं, तेव्हा त्याच कारखान्याच्या तळावर पाथर्डीचं पोर कोपीबाहेर धाकट्या भावंडाला सांभाळत होतं. या कॉलेजांच्या गौरवग्रंथांत ही ओळ सहसा येत नाही.

गावाकडे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, ती बरीचशी आजीआजोबांच्या आणि मास्तरांच्या जिवावर चालली. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर केली: प्रत्येक तालुक्यात एक मुलांचं, एक मुलींचं. पैसा ऊसतोड कामगार महामंडळामार्फत यायचा. त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यायचे, तेवढेच सरकारने घालायचे. टनामागची कपात ही या जिल्ह्याची जुनीच वहिवाट; तोडणाऱ्याच्या पोराच्या नावावर ती लागायला मात्र २०२१ उजाडावं लागलं.