निवडीचा अधिकार कोणाचा?

उत्तमोत्तम ग्रंथांतून वेचे काढून त्यांचा संग्रह करण्याची चाल आपणांस नवी नाहीं. अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास विद्याकर पंडितानें ‘सुभाषितरत्नकोश’ सिद्ध केला नसता, तर कित्येक संस्कृत कवींचीं नांवेंहि आज उरलीं नसतीं. संग्राहकाचे हे उपकार स्मरूनच आम्ही प्रस्तुत विषयाकडे वळतों.

घरोघरची तरुण मंडळी जें पाश्चात्य संगीत ऐकतात, त्यांत ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ नांवाची एक शाखा आहे. बाजारांत रूढ झालेल्या रॉक संगीताची मळलेली वाट सोडून जाणाऱ्यांस हें नांव पडलें. इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन येथें एकाच शाळेंत शिकणाऱ्या पांच मुलांनीं १९८५ सालीं आपला वाद्यवृंद उभारला. तोच पुढें ‘रेडिओहेड’ या नांवानें विख्यात झाला. १९९१ सालीं त्यांनीं ईएमआय कंपनीशीं करार केला, आणि १९९३ ते २००३ या अवधींत सहा अल्बम प्रसिद्ध केले. करार संपल्यावर मात्र तो पुन्हां केला नाहीं. ऑक्टोबर २००७ मध्यें ‘इन रेनबोज’ हा सातवा अल्बम त्यांनीं स्वतःच इंटरनेटवर ठेविला, आणि ग्राहकानें इच्छेस येईल ती किंमत द्यावी, न दिली तरी चालेल, असें जाहीर केलें!

परंतु जुन्या ध्वनिमुद्रणांची मालकी कंपनीकडेच राहिली होती. तिनें जून २००८ मध्यें त्यांतील निवडक गीतें एकत्र करून ‘रेडिओहेड : द बेस्ट ऑफ’ हा संग्रह विक्रीस आणिला. या निवडींत वादकांचा कांहींच हात नव्हता. मुख्य गायक टॉम यॉर्क यांनीं आपली नापसंती उघड बोलून दाखविली. कराराप्रमाणें कंपनीचें कांहीं चुकलें नाहीं. मग बिघडलें कोठें?

उत्तर आपल्या साहित्यशास्त्रांत सांपडतें. मुक्तक स्वयंपूर्ण असतें. तें कोठेंहि ठेवा, त्याचा रस उणा होत नाहीं. प्रबंधांतील श्लोकाचें अर्धें बळ मात्र मागच्यापुढच्या श्लोकांत असतें. रेडिओहेडचें ‘क्रीप’ हें १९९२ सालचें गीत मुक्तक होय. २००० सालचा ‘किड ए’ अल्बम हा प्रबंध. त्यांतील एकाहि गीताची स्वतंत्र मुद्रिका विक्रीस काढिली नव्हती. त्याचा आरंभ ‘एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस’ या गीतानें होतो. ‘सर्व कांहीं आपापल्या जागीं’ असा त्या नांवाचा अर्थ. आणि संग्रहांत शिरतांना नेमकें त्याच गीतानें आपली आरंभाची जागा गमाविली!

शिवाय विद्याकरानें वेचे घेतले त्यांतील कित्येकांचे मूळ ग्रंथ पुढें नष्ट झाले. त्याच्या निवडीनें काव्य वांचलें. येथें मूळ कृति अखंड, आणि कर्ते हयात. त्यांस न विचारतां केलेली निवड रक्षणासाठीं नव्हे, विक्रीसाठीं होती, असें म्हणणें भाग आहे.

तथापि घरांतील एखाद्या मुलानें याच संग्रहापासून आरंभ केला, तर आम्ही त्यास दोष देणार नाहीं. क्रमिक पुस्तकांतील वेचे वाचूनच आम्हीहि कालिदासापर्यंत पोहोंचलों. मात्र तेथेंच थांबूं नये. १९९७ सालचा ‘ओके कॉम्प्युटर’ त्यानें एकदां पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्यें न उठतां ऐकावा. आणि वडील मंडळींनींहि जमल्यास त्याच्याशेजारीं बसावें. कर्त्यानें लाविलेला क्रम हाहि त्याच्या कृतीचाच भाग असतो, हें मग दोघांसहि निराळें सांगावें लागणार नाहीं.