दिवेलागणीचे आंधळेपण

मराठीत रातांधळेपणा, संस्कृतात नक्तांध्य आणि ज्यांच्या शेजारात आपल्या पिढ्या गेल्या त्या तेलुगू बांधवांच्या बोलीत ‘रेचीकटी’. ज्या विकाराला प्रत्येक भाषेने आपले स्वतंत्र नाव दिले, तो घरोघरी वस्तीला होता हे उघड आहे. इंडोनेशियात तर त्याला ‘कोंबडीचे आंधळेपण’ म्हणतात. सांज झाली की कोंबडीला दिसेनासे होते म्हणून! सुश्रुताने उत्तरतंत्रात या विकारावर बकऱ्याचे यकृत पिंपळीसह शिजवून खाण्यास सांगितले आहे. त्या यकृतात नेमके काय होते, हे कळण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. आणि त्याचा माग प्रथम लागला तो गुरांच्या गोठ्यात.

१९०७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या कृषी संशोधन केंद्रात १६ कालवडींचे चार गट करण्यात आले. एका गटास केवळ मका, दुसऱ्यास केवळ गहू, तिसऱ्यास केवळ ओट आणि चौथ्यास तिन्हींचे मिश्रण, असा आहार होता. रसायनशास्त्राच्या तत्कालीन हिशेबाने चारही आहारांतील प्रथिने व ऊर्जा सारखीच होती. परिणाम मात्र विलक्षण निघाला. मक्यावरच्या कालवडी तजेलदार राहिल्या व त्यांची वासरे धडधाकट जन्मली. गव्हावरच्या कालवडी खुरटल्या, त्यांची वासरे दिवस भरण्यापूर्वीच जन्मली आणि दगावली. पिवळा मका व त्याची पाने यांत कॅरोटीन असते, गव्हाच्या दाण्यात व वाळल्या काडात ते नगण्य असते, हे पुढे उमगले. कॅल्शियमची उणीवही त्यात मिसळलेली होती. गायींवरचे प्रयोग खर्चिक व संथ, म्हणून मॅकॉलम यांनी उंदीर हाती घेतले आणि १९१३ मध्ये मार्गरीट डेव्हिस यांच्यासह लोण्यातील व अंड्याच्या बलकातील त्या स्निग्ध-विद्राव्य घटकाचा शोध प्रसिद्ध केला. तोच आपला जीवनसत्त्व ‘अ’.

पहिल्या महायुद्धात डेन्मार्कचे लोणी परदेशी जात असे आणि गरिबांची मुले मलईरहित दुधावर व मार्गरिनवर वाढत. त्यांच्यातील डोळे कोरडे पडून फुटण्याचे प्रकार डॉ. ब्लॉख यांनी टिपले. १९१७च्या अखेरीस नाकेबंदीमुळे निर्यात थांबली, लोणी शिधापत्रिकेवर मिळू लागले आणि हे रुग्ण येणे बंद झाले. नेत्ररोगावरचा उपाय व्यापारबंदीने घडवून आणल्याचे असे उदाहरण विरळाच.

जनावरांत हा विकार आजही दिसतो. दुष्काळात महिनोन्‌महिने जुन्या कडब्यावर वा पेंढ्यावर राहिलेली गुरे संध्याकाळी दावणीशी अडखळू लागतात. वाढत्या वासरांत तर कवटीचे हाड बेढब वाढून दृक्‌चेतातंतूची नलिका अरुंद होते, तंतू चेपला जातो आणि आलेले अंधत्व मग कोणत्याही औषधाने परतत नाही. वासरू जन्मते तेच मुळी या जीवनसत्त्वाच्या तुटपुंज्या साठ्यानिशी. ती तूट भरून काढतो गायीचा चीक. ज्या चिकाचा आपण खरवस करतो, त्यावर पहिला हक्क वासराचा आहे! मातेचे पहिले पिवळसर दूध ‘निकस’ म्हणून पिळून टाकणाऱ्या घरांनाही हेच सांगावे लागते.

बालकांत प्रथम संध्याकाळची दृष्टी जाते, मग नेत्रश्लेष्मल त्वचेवर बिटॉटचे फेसाळ ठिपके दिसतात आणि अखेरीस कॉर्निया विरघळतो. परंतु खरा धोका डोळ्यापुरता नाही. श्वसनमार्ग व आतडे यांचे अस्तरही याच जीवनसत्त्वावर जगते. आल्फ्रेड सोमर यांच्या इंडोनेशियातील आचे प्रांताच्या चाचणीत (१९८६) ४५० खेड्यांतील सुमारे २५ हजार बालकांचा अभ्यास झाला आणि मात्रा दिलेल्या गावांत बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी आढळले. १९९० मध्ये तामिळनाडूत आठवड्याच्या लहान मात्रेने ही घट ५४ टक्के दिसली. त्याच वर्षीच्या हैदराबादच्या चाचणीत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. उत्तर प्रदेशातील सुमारे दहा लाख बालकांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले, तेही जेमतेम ४ टक्क्यांचे. विद्वानांचा वाद चालू राहील. माझ्या मते जिथे उणीव खोल आहे तिथे मात्रा जीव वाचवते, जिथे नाही तिथे तिचा फारसा उपयोग नाही. २०१६-१८च्या राष्ट्रीय पाहणीत १ ते ४ वर्षांच्या सुमारे १८ टक्के बालकांत ही उणीव आढळली, हे ध्यानी घेता प्रश्न संपलेला नाही.

गोवराच्या बालकास लागोपाठ दोन दिवस मात्रा द्यावी, याविषयी तरी मतभेद नाहीत: सहा महिन्यांखाली ५० हजार, वर्षाखाली १ लाख आणि त्यापुढे २ लाख युनिट. कुपोषित मुलाच्या आईला “दिवेलागणीला बाळ ठेचकाळते का हो?” एवढे विचारण्यास अर्धे मिनिट पुरते. शेवग्याचा पाला, पपई, आंबा यांची शिफारस करताना चमचाभर तेलातुपाचाही उल्लेख करावा. स्निग्धाशाविना कॅरोटीन पचत नाही.

अतिरेकाची बाजूही आहे. १९३०च्या दशकात टेक्सासमध्ये फ्रेड हेल यांनी ‘अ’वंचित ठेवलेल्या डुकरिणीला ११ पिल्ले झाली, एकालाही नेत्रगोल नव्हते. गर्भाचे अवयव घडवणारे हे द्रव्य जास्त झाले तरी घडण बिघडते. मुरुमांवर सर्रास दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन याच कुळातील आहे. तरुण विवाहितेला ते लिहून देण्यापूर्वी गर्भधारणा नसल्याची चाचणी करून घ्यावी आणि औषध संपल्यावर किमान एक महिना दिवस जाऊ देऊ नयेत, असे तिला स्पष्ट शब्दांत सांगावे.