आरमाराचे राखीव हात

शांततेच्या काळात मोठे आरमार सांभाळणे फार खर्चाचे असते. म्हणून अनेक देश राखीव दल ठेवतात. या दलातील माणसे एरवी आपापला कामधंदा करतात. ठरलेल्या दिवशी ती सराव करतात आणि युद्ध सुरू झाले की आरमारात दाखल होतात.

ब्रिटनने 1859 साली कायदा करून असे दल उभारले. त्यात व्यापारी जहाजांवरील खलाशी व कोळी होते. 1903 साली इतर व्यवसायांतील लोकांसाठी दुसरे स्वयंसेवक दल निघाले. 1958 साली ही दोन्ही दले एक झाली.

राखीव दलात खास कामांच्या शाखा असतात. समुद्रातील सुरुंग काढणे हे असेच एक काम. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हजारो कोळ्यांनी आपल्या मासेमारीच्या बोटींवरून ते केले. पुढे सोव्हिएत संघाच्या सुरुंगांची भीती वाटू लागली. तेव्हा 1980 नंतरच्या दशकात 12 नवी जहाजे बांधण्यात आली. त्यांना नद्यांची नावे दिली होती. त्यांपैकी बहुतेक जहाजे राखीव दलाचे लोक चालवीत.

हे काम कसे चाले? दोन जहाजे खोल पाण्यात पोलादी तार सोडून ती ओढत शेजारी शेजारी चालत. सुरुंग तळाशी दोराने बांधलेला असे. तारेवरील कातरी तो दोर कापी. मग सुरुंग वर येई आणि तो दुरूनच गोळ्या झाडून नष्ट करीत. दोन्ही जहाजांतील अंतर सारखे राखावे लागे. वर्षानुवर्षे सराव केल्याशिवाय हा हुन्नर हाती येत नाही.

1991 साली सोव्हिएत संघ कोसळला. जुना धोका ओसरला आणि ब्रिटनने संरक्षणखर्चात कपात केली. 1994 च्या सुमारास राखीव दलाकडून ही जहाजे काढून घेण्यात आली. त्यांतील चार बांगलादेशने घेतली, तर काही ब्राझीलकडे गेली.

ही कपात चूक होती काय? ज्या धोक्यासाठी जहाजे बांधली, तो धोकाच उरला नव्हता. मग जनतेचा पैसा त्यांवर का खर्चावा? हे म्हणणे खोटे नाही. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. 1991 च्या आखाती युद्धात इराकने पेरलेल्या सुरुंगांनी अमेरिकेच्या दोन युद्धनौकांचे मोठे नुकसान केले. म्हणजे एक शत्रू गेला, तरी सुरुंग गेले नव्हते.

विकलेल्या जहाजाच्या जागी पैसा देऊन दुसरे घेता येते. तरबेज माणूस मात्र बाजारात मिळत नाही. जुने खलाशी घरी बसले, नव्यांना शिकवणारे उरले नाहीत, तर ती विद्या हळूहळू विसरली जाते. म्हणून शाखा बंद करताना किती पैसा वाचेल, एवढेच मोजून भागत नाही. पुन्हा गरज पडली, तर हे काम शिकवील कोण, याचाही विचार आधी करावा लागतो.