घरातली दीनी शिकवण : छडीपेक्षा चंद्र, सावली आणि गोष्टी बऱ्या

सदलगा : दूधगंगेच्या काठावरच्या गावांतल्या एखाद्या मुस्लिम घरातलं पोर दिवसभर किती भाषा हाताळतं बघा. शाळेत कन्नड किंवा मराठी, जोडीला इंग्रजी. संध्याकाळी मकतबात अरबी कायदा. घरी दादीशी दखनी. त्यात सबक चुकला की छडीची भीती. मग ‘अरबी म्हणजे कंटाळा’ असं सात वर्षांच्या पोराच्या डोक्यात बसलं, तर दोष त्याला कसा द्यायचा?

मकतबात तास-दीड तास मिळतो आणि तो बहुतेक अक्षरं, उच्चार नि पाठांतरात जातो. अर्थ आणि गोडी ही घरची जबाबदारी. त्यासाठी आई-वडील आलिम असायला हवेत असं काही नाही.

सुरुवात उच्चारांपासून करता येते. मराठीत ‘स’चा आवाज एकच; अरबीत त्याच्या जवळची सा, सीन, साद अशी तीन अक्षरं आहेत. उलट आपला ‘ळ’ अरबीत नाहीच. ‘क’चं तर आणखी मजेशीर आहे. खोल घशातून म्हटलेला ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि साध्या ‘क’चा ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा! हे एकदा सांगितलं की मुलं हसतात आणि फरक विसरत नाहीत. आपल्या दखनीत ‘क़लम’चा ‘खलम’ होतो, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना हा सराव जरा जास्तच लागतो.

दुसरी गोष्ट अंगणातली. नमाजाच्या वेळा मुळात सूर्यावर ठरतात. एक काठी उभी रोवा. दुपारी सावली सर्वांत आखूड होऊन पुन्हा वाढायला लागली की जोहरची वेळ सुरू. हनफी मतानुसार ती वाढ काठीच्या दुप्पट झाली की असर. मुलांना खडूने खुणा करू द्या. आपल्या भागात मेच्या पहिल्या आठवड्यात भरदुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते, तो दिवस चुकवू नका. किब्ल्याचंही तसंच. इथून मक्का पश्चिमेला, पण थोडी उत्तरेकडे कललेली. नकाशावर पट्टी ठेवण्याऐवजी पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून दाखवा, म्हणजे ‘मक्का नेमकी कुठल्या दिशेला’ याचं उत्तर पोरं स्वतः काढतात.

चंद्राचा हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयावर होतो. हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. पंचांगातले महिनेही चंद्राचेच, पण तिथे अधिक महिना धरतात, म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडालाच राहते. शेजारच्या मित्राबरोबर बसून हे शोधलं तर दोघांनाही काहीतरी कळतं.

जकात तर सरळ गणित. शेकडा अडीच, म्हणजे चाळीसात एक. हनफी मतानुसार लहान मुलावर जकात नाही, पण गल्ल्यात 200 रुपये साठले तर 5 रुपये त्यानेच मोजून, स्वतःच्या हाताने गरजूला द्यावेत. वुजू करताना वाहत्या नदीकाठीही पाणी वाया घालवू नये, ही पैगंबरांच्या नावाने सांगितली जाणारी शिकवण. नळ सुरू ठेवून भाषण देण्यापेक्षा एका तांब्यात वुजू करून दाखवा.

गोष्टींचा खजिना तर मोठाच आहे. सुलेमान आणि मुंगी, माशाच्या पोटातले यूनुस, काब्यावर चालून आलेले हत्ती. हत्तींची सूरह फील फक्त पाच आयतींची. आधी गोष्ट सांगा, मग पाठांतर घ्या. उलटं करू नका. आणि गोष्ट घरच्या भाषेत सांगा, दखनीत किंवा मराठीत. मराठीत दीनी गोष्ट सांगितली तर तिचं वजन कमी होतं, हा समज खोटा आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी साडेतीन शतकांहूनही आधी मराठीतच ‘योगसंग्राम’ लिहिला. कोल्हापुरात 1906 साली मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी करणाऱ्या शाहू महाराजांनी कुराणाच्या मराठी भाषांतरासाठीही पैसा दिला होता.

रोजा वयात आल्यावर फर्ज होतो. त्याआधी हट्ट करणाऱ्या पोराला दुपारपर्यंतचा रोजा धरू द्या आणि संध्याकाळी इफ्तारीच्या खजुरांचं ताट फिरवायचं काम त्याच्याकडेच सोपवा.