गिनीपिगला लंघन नको!

दिवाळीच्या सकाळी मुले आपल्या लाडक्या गिनीपिगपुढेही करंजीचा तुकडा धरतात. माया खरी, पण या चिमुकल्या जिवाचे पोट फराळासाठी नाही. त्याला अष्टौप्रहर वाळलेले गवत हवे. त्यानेच आतडी हलती राहतात आणि जन्मभर वाढणारे दातही झिजतात. क जीवनसत्त्व त्याच्या अंगी तयार होत नाही. त्यासाठी रोज ढोबळ्या मिरचीची एखादी फोड द्यावी.

हे जनावर आपले दुखणे लपवते. म्हणून पिंजरा झाडताना लेंड्यांकडे लक्ष असू द्या. त्या बारीक, कोरड्या वा कमी दिसल्या, गवत तसेच पडून राहिले, स्वारी अंग आखडून कोपऱ्यात बसली, की पोट बिघडले समजावे. आठवड्याला वजन करून वहीत टिपावे. उतरते वजन आधीच इशारा देते.

पोट बिघडले की लंघन, हा आपल्या घरातला जुना उपाय. गिनीपिगच्या मात्र तो जिवावर बेततो! खाणे थांबले की आतडी मंदावतात, वायू साचतो. अर्धा दिवस तोंडात काही गेले नाही, तर उद्याची वाट न पाहता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. पोट नगाऱ्यासारखे फुगले असेल, तर बळेच काही भरवू नये, तडक निघावे. घरातली उरलेली औषधे तर मुळीच देऊ नयेत. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन यांनी त्याच्या पोटातले उपयुक्त जंतू मरून प्राणही जाऊ शकतो.

फटाक्यांच्या धास्तीनेही तो खाणे सोडतो. तेव्हा पिंजरा आतल्या खोलीत ठेवा आणि करंजीऐवजी मूठभर गवत घाला. त्याची दिवाळी त्यातच आहे!