उपाहारगृहांतील सोवळें

‘ब्राह्मणी उपाहारगृह’ अशी पाटी लावण्याचा रिवाज एके काळीं मुंबई-पुण्यास होता. तींत स्वच्छतेची हमी होती, तशीच कोणी आंत येऊं नये याची सूचनाही होती. २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अमलांत आली आणि तिच्या १५ व्या कलमानें जातीच्या कारणावरून उपाहारगृहाचें दार कोणासही बंद करण्यास मनाई झाली. १९५५ च्या कायद्यानें अस्पृश्यतेपायीं तसें करणें दंडनीय ठरलें. नवी मुंबई वसविणारें सिडको महामंडळ १९७० चें. अर्थात् वाशी-नेरुळच्या नव्या वसाहतींतील उपाहारगृहें त्यानंतरचींच.

दार उघडलें, स्वयंपाकघराचें काय? २०१७ सालीं पुण्यांत जात लपविली म्हणून एका स्वयंपाकीणबाईंविरुद्ध पोलिसांत तक्रार झाली होती. आपणही आडनांव विचारतोंच. मग हॉटेलमालकास एकट्यास दोष कसा द्यावा?

तथापि मालकाच्या हातीं पुष्कळ आहे. नुसता हुकूम मात्र चालत नाहीं. जुना आचारी मसाल्याचें माप सांगत नाहीं, नवा गडी बुजून राहतो. आमच्या मतें मालकानें आधीं मापें कागदावर उतरवून घ्यावीं, शिकविण्याबद्दल आचाऱ्यास मान व वेतनवाढ द्यावी, सर्वांस एका पंक्तीस बसवावें व स्वतःही बसावें. नखें, हात व फडकीं रोज पाहावीं. जानवें पाहूं नये. संस्कृतांत ‘शौच’ म्हणजे शुद्धता. मराठींत त्या बिचाऱ्या शब्दाचें काय झालें तें वाचक जाणतातच! आणि नव्या गड्याच्या हातची पहिली आमटी गिऱ्हाइकापुढें जाण्यापूर्वीं मालकानें सर्वांदेखत आपण प्यावी.